अबार्थ पुंटो: पिदडा, पण इंजिन सांभाळून

ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटची ही जोरकस पुंटो आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख होती. तेवढ्या पैशात १४५ बीएचपी देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा बाजारात नव्हती. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय १०५ वर थांबायची, नंतर आलेली बलेनो आरएस १०२ वर. पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावात बनलेली ही पुंटो म्हणजे १३६८ सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्याआधीच फियाटने इथलं दुकान आवरलं. म्हणजे आज मिळेल ती गाडी सेकंडहँडच, आणि ती आधी कोणीतरी पिदडलेली असणार हे धरूनच चाला.

चालवायला कशी आहे ते आधी सांगून टाकतो. स्टिअरिंग जड आणि जिवंत, सस्पेन्शन कडक, सीट जरा उंच, क्लच दणकट पायांसाठी. पहिल्या-दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की पुढची चाकं हातातलं स्टिअरिंग ओढतात. वळणातून बाहेर पडताना चाकं सरळ होईपर्यंत अर्धाच पाय ठेवायचा, एवढाच त्यावर उपाय. १५५ मिमी ग्राउंड क्लिअरन्समुळे मोठ्या स्पीडब्रेकरला जपावं लागतं. मायलेज विचारणाऱ्याने ही गाडी बघू नये.

खरा प्रश्न इंजिनाचा. जोरात चालवलं की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, लवकर जातो, अशी सरसकट समजूत आहे. टी-जेटच्या बाबतीत ती अर्धवट आहे. हे इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) फारसं दमत नाही. ते खराब होतं थंड असताना दिलेल्या रेसने, कमी आरपीएमला पूर्ण पाय दाबल्याने आणि तापलेलं असताना झटकन बंद केल्याने. तिन्ही सवयी बदलता येतात, पैसे लागत नाहीत.

सकाळी स्टार्ट केल्यावर उभ्या उभ्या गरम करत बसायची गरज नाही. अर्धा मिनिट जाऊ द्या, निघा, आणि तीन हजार आरपीएमच्या आत, अर्ध्या पायाने चालवा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, चार-पाच किलोमीटरांत गरम झालेलं दिसतं, आणि लोक तिथेच फसतात. ऑइलचं तापमान डॅशबोर्डवर दिसत नाही आणि ऑइलला तापायला साधारण दुप्पट वेळ लागतो. कूलंट जागेवर आल्यावर आणखी सात-आठ मिनिटं दम धरला की मग मोकळीक. थंड, घट्ट ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत हवं तसं पोचत नाही आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेत असतो. त्याला एरवी ऑइलच्या पातळ थरावरच तरंगायचं असतं.

आता दुसरी सवय. या इंजिनाचा २१२ न्यूटन-मीटर टॉर्क २००० ते ४००० आरपीएममध्ये मिळतो आणि हीच त्याची मोहिनी आहे. चौथ्या गिअरला, १५०० आरपीएमला पाय दाबला तरी गाडी निमूट उचलते, म्हणून गिअर बदलायचा कंटाळा येतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढतोय, पुढे ट्रक, वेग चाळीसवर आलेला, ट्रक बाजूला झाला आणि चौथ्यातच पाय खाली. याच क्षणी सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त आणि फेरे सर्वांत कमी असतात. पेट्रोलचं मिश्रण स्पार्कच्या ज्वाळेची वाट न बघता कोपऱ्यात आपोआप पेटतं, इंजिन ठोकतं. ठोका ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशन मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून सावरतो, पण आधीचा एखाद-दुसरा ठोका पिस्टनला बसलेलाच असतो. त्याच जागी सेकंड टाकून तीन हजारांच्या आसपास चढवलं तर आवाज जास्त होईल, शेजारी बसलेला दचकेल, इंजिनाला मात्र हलकं जाईल.

वरच्या बाजूला ५५०० ला पूर्ण ताकद मिळते आणि त्यानंतर ती उतरायला लागते. ५६००-५८०० ला गिअर बदला. त्यापुढे ओढण्यात फक्त आवाज मिळतो. फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारा लिमिटर एका चुकीपासून मात्र वाचवू शकत नाही. पाचव्यातून चौथा टाकताना हात डावीकडे ओढला गेला तर दुसरा पडतो. क्लच सोडताच चाकंच इंजिनाला लाल रेषेच्या कितीतरी वर फिरवतात, तिथे इलेक्ट्रॉनिक्सचं काही चालत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकले की हेड उघडायची वेळ आली. पाचव्यातून खाली येताना गिअरनॉब मुठीत आवळू नका. तळवा नॉबच्या डाव्या बाजूला टेकवून सरळ मागे ओढा, मधल्या रांगेत तो स्प्रिंगने आपोआप येतो.

थांबायच्या आधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवले की टर्बो आपसूक निवतो. घाट चढून वर चहाच्या टपरीवर लगेच थांबायचं असेल तर मिनिटभर आयडलला ठेवा. टर्बोला पाण्याचंही कूलिंग आहे, म्हणून तीन-तीन मिनिटं घुरघुरवत ठेवण्याची गरज नाही. पण लगेच बंद केलं तर बेअरिंगपाशी अडकलेलं ऑइल जळून त्याचा काळा थर धरतो. ट्रॅकवर हाच नियम जास्त कडक. कोईम्बतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला तीन-चार जोरदार लॅप, मग एक पूर्ण लॅप हळू, ब्रेक शक्यतो न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये उभी करा. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापला की पाचव्या लॅपला गाडी तशीही मंदावते, कारण इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) इग्निशन मागे घेतो. हट्टाने दामटून वेळ कमी होत नाही.

ऑइलबद्दल कंजूषपणा नको. या इंजिनात जेमतेम तीन लिटर ऑइल मावतं. मोठ्या इंजिनात अर्धा लिटर कमी असलं तर खपून जातं. इथे तो सहावा हिस्सा झाला, आणि लांब वळणात उरलेलं ऑइल संपच्या (खालच्या ऑइल-भांड्याच्या) एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. वळणात ऑइलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी त्याच क्षणी पाय काढा. ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक, जोरात चालवणाऱ्याने दर ७५०० किलोमीटरला बदलावं, ट्रॅकवर जाणाऱ्याने ५००० ला. डिपस्टिक दर हजार किलोमीटरला, सपाट जागेवर, बंद केल्यावर दहा मिनिटांनी बघा. थेंब बोटांत चोळा: पेट्रोलचा वास आला तर मिश्रणात पेट्रोल नको तितकं जास्त पडतंय, चमचम दिसली तर बेअरिंग खाल्लं जातंय.

पेट्रोलच्या वासाचं एक नेहमीचं कारण थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप. तो उघडाच अडकतो. ट्रॅफिकमध्ये तापमान बरोबर, हायवेला लागलं की खाली घसरतं. चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड राहते, छान आहे. प्रत्यक्षात ईसीयूला इंजिन अजून गरमच झालेलं नाही असं वाटून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. भाग स्वस्त, दुर्लक्ष महाग.

टायमिंग बेल्टला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याला, किलोमीटर विचारूच नका, वय विचारा. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. बदलल्याचं बिल दिसत नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो, वेगळा बदलायचा तर तेवढीच मजुरी पुन्हा पडते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायचं खास टूल नसलेल्या, पांढऱ्या खुणा करून बेल्ट चढवणाऱ्या मेकॅनिककडे ही गाडी देऊ नये. स्पार्क प्लग दर ३० हजार किलोमीटरला. जोरात पाय दिल्यावर गाडी मिसिंग करत असेल तर आधी प्लग, मग कॉइल, त्यानंतरच टर्बोकडे बघा. पिकअप अचानक मेला, धूर नाही, फक्त फुसफुस ऐकू येते? पाइपचे क्लॅम्प आणि पाय काढल्यावर टर्बोची जादा हवा वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा तपासा. तो फाटतो, आणि गॅरेजवाले टर्बो गेला म्हणून सांगतात.

ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्राम बदलू का, म्हणजे रिमॅप करू का, हा प्रश्न येणारच. याच टी-जेटच्या घराण्यातून अबार्थच्याच ५९५ कॉम्पेटिझिओने या छोट्या गाडीला आधी १६० आणि नंतर १८० हॉर्सपॉवर मिळाले, म्हणजे इंजिनात जागा आहे. पण जुन्या प्लगवर, फाटक्या पाइपवर आणि न तपासलेल्या कूलिंगवर रिमॅप चढवणं म्हणजे मूळ दुखणं वाढवणं. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या वरचं भरणार नसाल तर विचारही करू नका. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे इंजिन जास्त ठोकत नाही, उलट ऑक्टेन वाढतो. या वयाच्या गाडीत काळजी आहे ती इंधनाच्या रबरी पाइपांची. ते एकदा उचलून वास घेऊन, वाकवून बघा.

भाग मिळण्याचं म्हणाल तर फिल्टर, बेल्ट, प्लग यांची अडचण नाही, कारण हे इंजिन ज्यातलं, ते फियाटच्या फायर इंजिनांचं कुटुंब जगभर पसरलंय. फक्त अबार्थला असलेल्या गोष्टींसाठी वाट बघायची तयारी ठेवा. १९५/५५ आर१६ चे टायर सहज मिळतात, आणि पहिला खर्च तिथेच करण्यासारखा आहे.

बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनाचा पहिला आवाज, पहिल्या मिनिटाचा धूर आणि आयडलची थरथर, या तीन गोष्टी तेव्हाच कळतात. मग दहा किलोमीटर हळू चालवून तिसऱ्याला २५०० वरून ५५०० पर्यंत एकदा पूर्ण ओढा, पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या आणि पुन्हा पाय देताना आरशात बघा. निळा धूर दिसला तर किंमत विचारायच्या भानगडीत पडू नका.