पावसात साधं, उन्हाळ्यात सिंथेटिक: डिचोलीतल्या पिग्मीच्या स्कूटरचं ऑइल

माझी ॲक्टिव्हा 2017 ची. काट्यावर आज 61,340 किलोमीटर आहेत आणि इंजिन अजून एकदाही उघडावं लागलेलं नाही. मी गोव्यात डिचोलीला एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करते, त्यामुळे प्रत्येक रुपया वहीत लिहायची सवय हाताला आहे. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गाडीचा हिशोब असतो: पेट्रोल कधी भरलं, ऑइल कधी बदललं, कुठलं घातलं. इंजिन ऑइल सिंथेटिक, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं महागडं, घ्यावं की साधं, म्हणजे मिनरल, हा प्रश्न गल्ल्यावरची मंडळी मला इतक्या वेळा विचारतात की वहीतलं सगळं एकदा नीट मांडावं असं वाटलं.

आधी गाडी कशी चालते ते सांगते, कारण ऑइलचा निम्मा निर्णय तिथेच होतो. सकाळी नऊला बाजारातून सुरुवात. फुलवाल्या, चणेकार, दोन शिंपी, सलून, मग बोर्डे, लामगाव, मयेची वळणं, एक दिवस आड मुळगाव-शिरगाव, आणि चारनंतर साखळी. दिवसाचे पंचवीस-तीस किलोमीटर, पण गाडी पन्नास-पंचावन्न वेळा बंद होते आणि तितक्याच वेळा चालू होते. दोन गिऱ्हाइकांमध्ये कधी दोनशे मीटर असतात, कधी चारशे. इंजिन धड तापायच्या आत पुढचं दुकान येतं.

पहिली तीन वर्षं मी कंपनीचंच साधं ऑइल घालत होते, होंडाचं 10 डब्ल्यू 30, बाटलीवर जासो एमबी (ऑइलचा जपानी दर्जा, पुढे सांगते) लिहिलेलं. तक्रार कसलीच नव्हती. मधे एकदा घाईत एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी ड्रममधलं सुटं ऑइल पंप मारून घातलं. विचारलं तर म्हणाले, ट्वेंटी-फॉर्टी (20 डब्ल्यू 40) आहे, घट्ट असतं, चांगलं असतं. दोन दिवसांत गाडी जड वाटायला लागली, सकाळी पहिल्या सेल्फला उठेना, आणि 45 चं ॲव्हरेज 41 वर आलं. तिसऱ्या आठवड्यात ते काढून टाकलं. तेव्हापासून बाटली मी स्वतः आणते, सील माझ्यासमोर फोडायला लावते आणि रिकामी बाटली घरी आणून सुरीने कापते. धड बाटल्या पुन्हा भरून विकणारे असतात, म्हणून.

घट्ट म्हणजे चांगलं हा समज आपल्याकडे फार आहे. 10 डब्ल्यू 30 मधला डब्ल्यू विंटरचा, म्हणजे थंडीचा. 10 डब्ल्यूचा कस उणे 25 अंशांवर लावतात. आपल्याकडे डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल गोठलं की आपण स्वेटर शोधतो, आणि ते खोबरेल तर 24 अंशांनाच गोठायला लागतं. म्हणजे सिंथेटिक थंडीत झटकन पळतं हा त्याचा मोठा गुण गोव्यात कधी उपयोगाला येत नाही. मागचा 30 हा आकडा तापलेल्या इंजिनातल्या पातळपणाचा. आपल्याला त्याच्याशी काम आहे, आणि तो कंपनीने पुस्तिकेत छापलेला असतो. तो बदलायचं काही कारण नाही.

एमबीबद्दलही दोन शब्द. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो, त्याला पकड लागते, म्हणून तिला एमए ऑइल. आपल्या स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूला कोरडा असतो, म्हणून कमी घर्षणाचं एमबी चालतं. माझ्या दिराने एकदा माझी नवी बाटली उचलून आपल्या बाइकमध्ये ओतली. चोर्ल्याच्या चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही अशी गत झाली. ऑइल बदललं, क्लच वाचला. उलटं केलं, म्हणजे स्कूटरमध्ये एमए घातलं, तर एवढं काही बिघडत नाही. पण हक्काचं एमबी मिळत असताना ते तरी कशाला?

आता सिंथेटिक. 2022 च्या फेब्रुवारीत दुकानदाराने मला फुल सिंथेटिक दिलं, 10 डब्ल्यू 30 एमबीच. साधी बाटली चारशेच्या आत येत होती, ही सातशेची. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे वेगळ्या कंपनीचंही घालून पाहिलं, वहीत दोघांमध्ये फरक दिसला नाही. दुकानदार म्हणाला, आता पाच हजार किलोमीटर बघायचंच नाही. मला ते पटलं, कारण हिशोब सरळ होता. जवळजवळ दुप्पट पैसे, दुप्पट अंतर, आणि गॅरेजची एक फेरी वाचली.

पहिले तीन महिने मी खूश होते. एप्रिल-मेमध्ये डिचोली बसस्टँडकडे दुपारी एकच्या उन्हात गाडी उभी-चालू, उभी-चालू करताना इंजिनाचा जो कोरडा खडखडाट ऐकू यायचा, तो खरोखर कमी झाला. ही माझी समजूत नाही. सलूनवाल्याने आपणहून विचारलं, गाडीला काय केलंस? आपल्या स्कूटरचं इंजिन पंख्याच्या वाऱ्यावर थंड होतं आणि वर प्लॅस्टिकचं आवरण असतं. मे महिन्यात ऑइलला खरा त्रास होतो तो इथे. उष्णतेने साधं ऑइल लवकर जुनं होतं, घट्ट होत जातं. सिंथेटिकचं मूळ तेल जास्त शुद्ध आणि एकसारखं असतं, ते ताप जास्त दिवस सोसतं. मी तीन हजारला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून बोटांवर चोळून पाहिली. काळं झालं होतं, पण चिकटपणा होता. काळं दिसलं म्हणजे ऑइल गेलं असं नाही हेही तेव्हाच कळलं. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

मग जून लागला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मुसळधार पावसात, ऑइलचं टोपण उघडलं तर आतल्या बाजूला पांढरट फेस. चहावर साय धरावी तसा. डिपस्टिकवरचं ऑइल काळं नव्हतं, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं होतं. ऑइल घालून जेमतेम 3,300 किलोमीटर झाले होते. तशीच गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. गेली सहा वर्षं मी त्याच्याकडेच जाते, माणूस कमी बोलतो.

“कितें जालें?” मी विचारलं.

त्याने नट सोडला, बोट धारेखाली धरलं आणि म्हणाला, “बाय, हें ऑयल न्हय, हो चिखल.”

मला वाटलं पुराच्या पाण्यातून गाडी काढली म्हणून पाणी शिरलं असेल. पण मी पाण्यातून गाडी घालतच नाही, बंदिराच्या पुलाकडे पाणी दिसलं की मागे फिरते. उत्तर मिळालं मयेच्या पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याकडून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास सलग तापलं तर ते पुन्हा उडून जातं. दोनशे मीटरवर बंद होणाऱ्या गाडीत ते तसंच राहतं, त्यात बाहेरची हवा पावसाने चिंब. भाचा म्हणाला, मावशी, यात सिंथेटिकची काही चूक नाही आणि त्याचा काही उपायही नाही. पाणी सिंथेटिकमध्येही मिसळतं.

त्या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडकले होते. दुकानदार अंतर मोजत होता आणि मीही अंतरच मोजत होते. खरं मोजायला हवं होतं ते गाडी किती वेळा बंद झाली आणि बाहेर ऋतू कुठला आहे.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी मेकॅनिकने दाखवली. माझ्या ॲक्टिव्हाला कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. आत एक जाळी आहे, तेवढंच. जाळी मोठा कचरा अडवते. बारीक धूळ, धातूची भुकटी, काजळी हे सगळं ऑइलमध्येच फिरत राहतं आणि ऑइल सांडलं की त्याच्याबरोबरच बाहेर पडतं. ज्यांनी शिरगाव-मुळगाव-पिळगावच्या रस्त्यांवर गाडी चालवली आहे त्यांना खाणीची लाल धूळ सांगायला नको. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ती आत जाते. अशा इंजिनात महागडं ऑइल पाच हजार किलोमीटर ठेवायचं म्हणजे धुण्याचं पाणी न बदलता चांगला साबण वापरायचा.

त्याने तेव्हा साधं ऑइल घातलं, दोनशे किलोमीटरवर तेही काढलं आणि पुन्हा साधं घातलं. नंतरच्या रविवारी मी माहेरी केरीला गेले. डिचोली-साखळी-केरी, सलग, कुठेही न थांबता, आणि तसंच परत. सोमवारी टोपण उघडलं तर आत फेसाचा टिपूस नाही. तेव्हापासून पावसाळ्यात रविवारची केरीची फेरी चुकवत नाही. आईला वाटतं लेक तिच्यासाठी येते, आणि तेही खरंच आहे.

2023 पासून माझी पद्धत ठरली. जूनच्या पहिल्या आठवड्यात साधं एमबी, ऑगस्टमध्ये चवथीच्या आधी पुन्हा साधं, मग दीड हजार किलोमीटरही झाले नसले तरी चालतील. ऑक्टोबरात परत साधं. आणि फेब्रुवारीअखेर सिंथेटिक, ते मेअखेरपर्यंत. वर्षाच्या तीन साध्या बाटल्या आणि एक सिंथेटिक मिळून एकोणीसशेच्या आत बसतात. चारही सिंथेटिक घेतल्या तर अठ्ठावीसशे. या जादा नऊशे रुपयांचं पावसात काहीच परत मिळत नाही, सिंथेटिकचा फायदा मिळतो तो उन्हाळ्यातच.

ॲव्हरेजचं म्हणाल तर साध्यावर वहीत 44 ते 45 आहे, सिंथेटिकवर 45 ते 46. टायरमध्ये हवा कमी असली तर याहून जास्त फरक पडतो. ॲव्हरेज वाढेल म्हणून सिंथेटिक घेणाऱ्याने पैसे ठेवून घ्यावेत. पिकअपमध्येही मला फरक जाणवला नाही. जाणवला तो फक्त आवाजात आणि भर उन्हात.

जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं की ऑइल गळतं, असंही बरेच जण सांगतात. माझ्याही गाडीला दुसऱ्या उन्हाळ्यात कव्हरपाशी ओल दिसली. मेकॅनिकने पुसून, दोन दिवस थांबून पाहिलं. सील कडक होऊन चिरलं होतं, गाडीइतकंच जुनं रबर. सील बदललं, त्यानंतर तेच सिंथेटिक थेंबभरही बाहेर आलं नाही.

कोणाला काय घ्यायचं ते त्यांच्या रस्त्यावर आहे. माझी मावसबहीण डिचोलीहून रोज पणजीला नोकरीला जाते, एका दमात तीसेक किलोमीटर. तिच्या गाडीत पाणी साठत नाही, इंजिन तासभर तापतं. तिला मी बारा महिने सिंथेटिक सांगितलं आहे, मुदत मात्र पुस्तिकेतली, दुकानदाराची नाही. आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर आठवड्यातून दोनदा बाजारात आणि एकदा देवळात जाते. त्यांना साधं, आणि किलोमीटर न पाहता सहा महिन्यांनी बदलायचं. सेमी सिंथेटिक मी एकदाच घातलं, एका हिवाळ्यात. वाईट नाही. पण त्यात सिंथेटिक किती हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि ज्याचं प्रमाण कळत नाही त्याला दीडशे रुपये जास्त द्यायला माझा हात धजत नाही.

बदलताना समोर उभ्या राहा. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. नट सोडल्यावर शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायला सांगा, घाई करणारे अर्धा कप जुनं आतच ठेवतात. नटाचा वायसर पाहा. नट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतो, लांब पान्याने जोर लावला की आटे जातात आणि मग खर्च ऑइलच्या कितीतरी पट. बाटली 800 मिलीची असते आणि सगळी लागत नाही. मी उरलेलं तारीख लिहून ठेवते, साधं वेगळं, सिंथेटिक वेगळं. डिपस्टिक पाहताना गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका. आणि मागच्या चाकाचं गिअर ऑइल वेगळं असतं हे मेकॅनिकला आठवण करून द्या. माझं पहिली चार वर्षं कोणीच बदललं नव्हतं.

काळं ऑइल मी गॅरेजच्या ड्रममध्येच ओतवते. आमच्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासायची पद्धत होती, पण पहिल्या पावसात ते धुऊन ओहोळात जातं, आणि त्या ओहोळाचं पाणी खाली कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, लागतं.

आज 28 मे. फेब्रुवारीतल्या सिंथेटिकवर 2,870 किलोमीटर झालेत. साधी बाटली काल आणून ठेवली आहे, डिकीत, पिग्मीच्या पावती पुस्तकाखाली. सोमवारी बाजार बंद झाल्यावर गाडी मेकॅनिककडे नेईन, पाऊस त्याआधी लागला तर त्याच दिवशी.