स्टोमाच्या बॅगा घरपोच देणारी कंपनी : पाचपैकी साडेतीन तारे

अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा आजार) यापायी मोठं आतडं काढलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला इलिऑस्टॉमी झाली, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि शौच त्यावर चिकटवलेल्या बॅगेत जमतं. तेव्हापासून माझ्या बॅगा एकाच कंपनीकडून येतात. कंपनीचं नाव देत नाही. इथे इंग्लंडात या धंद्यातल्या सगळ्यांना नियम एकच आहेत, त्यामुळे खालचं बरंचसं कुठल्याही कंपनीला लावून बघता येईल. लंडनच्या हॅरो भागातल्या आपल्या लोकांत या विषयावर कुणी बोलत नाही. हळदीकुंकवाला एखादी बाजूला घेऊन कानात विचारते, तेवढंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्यांच्या पत्रकाबद्दल. हॉस्पिटलातून घरी सोडताना हातात जो चकचकीत कागद पडला, त्यावर मोठ्या अक्षरांत होतं : घरपोच सेवा मोफत, खोक्यावर काहीही छापलेलं नाही, पुसायचे वाइप्स आणि वापरलेली बॅग टाकायच्या पिशव्या मोफत. काय दिलदार माणसं आहेत, असं वाटावं! मी एका शाळेत पगाराचं काम बघते, त्यामुळे नियमावली वाचायची खोड आहे. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) २०१३ सालच्या फार्मसी सेवांच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. स्टोमा, कॅथेटर (लघवी काढायची नळी), लघवीच्या बॅगा वगैरे ठरावीक साहित्य जो देतो, त्याला घरपोचची सोय द्यावीच लागते, तीही पेशंटशी ठरवलेल्या वेळी. पाकिटावरून किंवा पोचवण्याच्या पद्धतीवरून आत काय आहे ते कळता कामा नये. पुरेसे वाइप्स आणि पिशव्या बरोबर द्यायच्या आणि जाणकाराचा सल्ला मिळायची सोय ठेवायची, हेही त्यातच आलं. एखादा केमिस्ट नेहमी असं साहित्य देत असेल तर त्यालाही हेच लागू. तेव्हा या गोष्टींसाठी मी तारे दिलेले नाहीत. कामावर वेळेवर आल्याबद्दल कुणी बोनस मागितला तर आम्ही देऊ का?

खोकं मात्र खरंच कोरं असतं. मी घरी नसताना डिलिव्हरीवाले ते शेजारच्या बेनकडे ठेवून गेले होते, तर संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ताई, पुन्हा साड्या मागवल्या वाटतं?" मी हो म्हटलं.

आता जिथे कंपनीचा खरा कस लागतो ते सांगते. बॅगेच्या चिकट चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक लागतं. मोठं झालं तर उघड्या राहिलेल्या कातडीवर पातळ शौच लागतं आणि त्यातल्या पाचक रसांनी कातडी सोलून निघते. लहान झालं तर स्टोमालाच काचतं. घरी वाकड्या कात्रीने कापता येतं, पण माझ्या बोटांत संधिवात आहे, म्हणून मी त्यांच्याकडून कापून घेते. तुमचा साचा त्यांच्याकडे ठेवला की सगळ्या बॅगा त्या मापाने येतात, पेशंटला वेगळे पैसे पडत नाहीत. ऑपरेशननंतरचे पहिले सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, त्यामुळे माप बदलत राहतं. माझं ३५ मिलिमीटरवरून २८ वर आलं. नवा साचा पाठवला, फोनवर "मिळाला" असं उत्तरही आलं, आणि पुढचं खोकं उघडलं तर आत जुन्याच मापाच्या बॅगा. सात मिलिमीटर म्हणजे काय ते ज्याच्या पोटावर आहे त्यालाच कळतं. रात्रभर तव्यावर झोपल्यासारखी आग.

इथे त्यांचं कौतुकही करायला हवं. सकाळी फोन केला, त्यांची नर्स त्याच आठवड्यात घरी आली. तिने माझ्यासमोर बॅग काढली, माप घेतलं, कातडीवर पावडर लावली आणि बॅगा कुठे ठेवते तेही विचारलं. मी पोटमाळ्यावर ठेवत होते. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने चकतीचा चिकटपणा बिघडतो, असं म्हणून तिने सगळा साठा बेडरूमच्या कपाटात हलवायला लावला. परकराची नाडी नेमकी बॅगेवरून जाते म्हटल्यावर रुंद इलॅस्टिक लावून बघायला सांगितलं. माझ्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, अहवालही गेला. असा आढावा आणि बॅगा कापून देणं या दोन्ही सेवा ऐच्छिक आहेत. जो देतो त्याला एनएचएसकडून त्याचे वेगळे पैसे मिळतात. त्यामुळे कंपनी निवडताना पत्रक वाचू नका, "तुम्ही कापून देता का आणि नर्स घरी येते का" एवढं विचारा.

आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट कापून देत नाही. त्याने ते स्पष्ट सांगितलं आणि कापून देणाऱ्या दोघांची नावं-नंबर चिठ्ठीवर लिहून दिले. नियमही तसाच आहे : जमत नसेल तर पेशंटच्या संमतीने प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याकडे पाठवायचं, नाहीतर निदान दोघांचे पत्ते द्यायचे. माझ्या लोपेरामाइडच्या (जुलाब आवरायच्या) गोळ्या अजून त्याच्याकडूनच येतात, कारण बॅगावाल्या कंपनीला औषधं देता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शनमध्ये एक फार्मसी आणि एक साहित्यवाला अशी दोन वेगळी नावं नोंदवता येतात. जीपीच्या रिसेप्शनवर हे दर वेळी नव्याने समजावायची तयारी ठेवा.

दुसरी तक्रार साठ्याची. त्यांच्याकडची माझ्या प्रकारची बॅग संपली होती तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली, "तशीच दुसऱ्या कंपनीची पाठवू का?" मी नाही म्हटलं. प्रिस्क्रिप्शनवर जी बॅग, ज्या मापाची लिहिलीय तीच द्यायची असते. बदलायची तर आधी जीपीने नवं लिहून द्यायला हवं, आणि ती वस्तू ड्रग टॅरिफच्या (एनएचएसच्या औषध-साहित्याच्या दरयादीच्या) नवव्या भागात असायला हवी. त्या यादीत नसलेलं साहित्य एनएचएसवर मिळत नाही. मागच्या टेबलावर बसलेल्या कुणाला तरी विचारून ती परत फोनवर आली आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणाली. हे तिला कुणी शिकवलेलं नसावं, पण अर्धा तारा त्याचा गेला.

आणि वास घालवायचा स्प्रे! मी न मागता दर महिन्याला यायचा. माझ्या वतीने जीपीकडे यादी तेच पाठवायचे आणि जुन्या यादीवरच शिक्का मारायचे. कपाटाचा एक कप्पा स्प्रेने भरला. पैसे माझ्या खिशातून जात नाहीत, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण जातात ते एनएचएसचेच. शेवटी जीपीला सांगून मी ती ओळच काढून टाकली. आता दर महिन्याला काय हवं ते मीच ॲपवरून मागवते.

पैशांचं निघालंच आहे तर : इंग्लंडात मे २०२४ पासून एका वस्तूचे ९.९० पाउंड पडतात, म्हणजे बॅगा, स्टोमाभोवती बसवायची रिंग, चिकटा काढायचा रिमूव्हर यांचे वेगवेगळे. कायमची इलिऑस्टॉमी किंवा कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) असेल तर माफी आहे, पण आपोआप नाही. जीपीकडून एफपी ९२ए फॉर्म भरून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं आणि त्यावर तुमची बाकीची औषधंही फुकट मिळतात. वयाची साठी झाली की सर्टिफिकेट लागत नाही. हॉस्पिटलात हे मला कुणी सांगितलं नाही, कंपनीच्या नर्सने सांगितलं. त्याचा अर्धा तारा वाढवून साडेतीन केले.

सासऱ्यांना आता कॅथेटरच्या बॅगा लागतात. त्यांचं मात्र कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेच ठेवतोय. त्यांना कापून काही नको आहे, आणि खोकं घरी आलं तर दुकानात जाऊन तासभर क्रिकेटवर बोलायचं निमित्त जाईल.