नारळी पौर्णिमा की ३१ जुलै?

पावसाळ्यात मासेमारी थांबवायची, यावर कोळीवाड्यात आणि सरकारात एकमत आहे. पुन्हा सुरू कधी करायची, यावर नाही. पश्चिम किनाऱ्यावर सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. रूढी मात्र सांगते की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी लोटायची. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ही पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, म्हणजे दर्याला महिनाभर जास्त विसावा. पावसाळ्यात अनेक माशांची वीण होते, तेव्हा हा महिना फार मोलाचा.

सरकारी तारखेमागे कायद्याचं बळ आहे, बंदी मोडणाऱ्याला दंड होतो. रूढीमागे फक्त गावाचा शब्द. बाहेरून येणाऱ्या ट्रॉलरला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर जाळं ओढणाऱ्या बोटीला, तो शब्द बांधत नाही आणि थांबलेल्या कोळ्याचंच नुकसान होतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

रूढी तारखेपुरती नाही. डोलजाळं, म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ओहोटी-भरतीच्या ओढीवर चालतं, म्हणून उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) मासेमारी जोरात आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) मंद. ही विश्रांती दर पंधरवड्याला आपोआप मिळते. इंजिनवर ओढलेल्या जाळ्याला भांग ठाऊक नाही. अर्थात डोलजाळ्याच्या बारीक आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकांत, पिल्लंही अडकतात, तिथे आसाच्या मापाचा सरकारी नियमच हवा.

तारखेपुरतं विचाराल, तर माझं मत पौर्णिमेला. पण कायद्याच्या शिक्क्यासह, आणि ट्रॉलरसकट सगळ्यांना लागू.