काही महिन्यांच्या वापरानंतर: उपचार थांबवलेल्या आई-वडिलांच्या खोलीत काय कामाला आलं

आई किंवा वडील ‘आता केमो नको’ असं ठरवतात, तेव्हा कर्करोगावरचे उपचार थांबतात. वेदनेवरचे, धापेवरचे, मळमळीवरचे उपचार तिथून वाढतात. त्यांनी दिवसाउजेडी, पूर्ण विचार करून घेतलेला हा निर्णय बहुतेक वेळा रात्री दोनला मोडतो. दुखणं उसळतं, औषध घरात नसतं, घाबरून कुणीतरी अँब्युलन्स बोलावतं आणि ज्या आयसीयूला ते नाही म्हणाले होते तिथेच ते पोचतात. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: रात्री ती उपयोगी पडते का.

सगळ्यात वर मॉर्फिनच्या गोळ्या आणि त्यांच्या शेजारची वही. लवकर काम करणाऱ्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच हे सांगितलं आहे. तरीही ‘आत्ता दुखत नाहीये, मग कशाला’ म्हणून डोस टाळला जातो आणि पहाटे वेदना हाताबाहेर जाते. झोप मोडू नये म्हणून डॉक्टर बऱ्याचदा झोपताना दुप्पट डोस देऊन मध्यरात्रीचा वगळायला सांगतात. तसं विचारून घ्या. मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठी जादा डोस वेगळा लिहून घ्या. तो बहुधा दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग असतो. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, किती दिलं, देण्याआधी दुखणं दहापैकी किती, तासाभराने किती. दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त जादा डोस लागायला लागले, तर नेहमीची मात्रा वाढवायची वेळ झाली. फोनवर ‘खूप दुखतंय हो’ म्हणण्यापेक्षा हे चार आकडे वाचून दाखवले की डॉक्टरांना लगेच निर्णय घेता येतो.

मॉर्फिनचा चिवट त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. गुंगी काही दिवसांत आणि मळमळ आठवडाभरात ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही. पहिल्या गोळीच्याच दिवशी सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखं आतड्याला चालना देणारं औषध सुरू व्हायला हवं. नुसतं इसबगोल नको: पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात ते घट्ट होऊन अडतं. हातपाय झटके देऊ लागले, नसलेली माणसं दिसू लागली, तर औषध अंगात साठतंय, बऱ्याचदा मूत्रपिंड थकल्यामुळे. त्याच दिवशी फोन करा. सवय लागेल या भीतीने वेदनेत ठेवणं मात्र आई-वडिलांवर अन्याय आहे. मॉर्फिन वेदनेच्या मापाने दिलं तर ते सहसा व्यसनही लावत नाही आणि मरणही ओढून आणत नाही.

गिळणं कमी झाल्यावर फेंटानिल या वेदनाशामकाची, कातडीवर चिकटवायची पट्टी सोयीची, पण ती 72 तासांची आणि संथ. पहिल्या पट्टीचा परिणाम दिसायला 12 ते 24 तास जातात, म्हणून आधीचं औषध कधी थांबवायचं हे विचारूनच ठरवा. पट्टीवर तारीख लिहा, दर वेळी जागा बदला. गरम पाण्याची पिशवी तिच्यावर कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर शोषलं जातं, तापातही तेच होतं. काढलेल्या पट्टीत औषध उरलेलं असतं, ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) टाळायला एअर बेड म्हणजे हवेची गादी आणली की लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. बबलवाली गादी हलक्या, थोडंफार वळणाऱ्या माणसाला चालते. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आडव्या नळ्यांची बरी. पंपावरचं बटण वजनानुसार लावायचं आणि मग हाताने तपासायचं: माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाकडून तळवा सरकवा. हाड तळव्याला जाणवलं तर गादी फक्त नावाला आहे. मधे निदान इंचभर हवा हवी. डोकं उंच केलं की सगळा भार तिथेच येतो, त्यामुळे त्या स्थितीत पुन्हा तपासा. वर एकच पातळ चादर. रबरी शीट, दुलई, घड्या घातलेली चादर घातली की हवेच्या गादीचा उपयोग संपला. वीज गेली की गादी बसते, म्हणून खाली फोमची गादी असू द्या.

कूस मात्र बदलावीच लागते, दर दोन ते चार तासांनी, आणि सरळ कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन तीस अंशांत. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा: सोडताना पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर बेडसोर सुरू झालाय. तिथे चोळायचं नाही. गोल भोकाची रिंगही वापरू नका, ती कडेने रक्तपुरवठा दाबते. कूस बदलताना वेदना होत असेल तर अर्धा तास आधी जादा डोस.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबद्दल स्पष्ट मत: रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असेल तरच. नसेल तर हातात धरायचा छोटा पंखा, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, गाल-नाकावर वारा येईल असा. चेहऱ्यावरच्या मज्जातंतूंना गार वारा लागला की धाप लागल्याची भावना कमी होते. धापेवर मॉर्फिनचा छोटा डोसही चालतो. ऑक्सिजन कमी आहे की नाही हे एकदा ठरलं की पल्स ऑक्सिमीटर मात्र कपाटात ठेवा. सगळे आकड्याकडे बघतात, माणसाकडे कुणी बघत नाही.

तोंडाची निगा ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, मऊ ब्रश, दर दोन-तीन तासांनी. ओठांना मलम. खाणं-पिणं सुटत जातं तेव्हा जबरदस्ती करू नका. शरीर ते वापरू शकत नाही, आणि शेवटच्या दिवसांत सलाईन बऱ्याचदा पायांना सूज आणि घशात कफ देऊन जातं. त्या दिवसांतल्या घशातल्या घरघरीला कफ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनने फारसा उतार पडत नाही. कुशीवर वळवणं आणि डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेलं, स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन जास्त कामाचं. गोळ्या गिळता येत नसतील तर मॉर्फिन आणि ही औषधं कातडीखालच्या छोट्या बटरफ्लाय सुईतून देता येतात. ती सुई कशी वापरायची हे नर्सकडून दिवसा, निवांत शिकून घ्या.

आणि खाटेच्या डोक्याशी एक कागद चिकटवा: आई-वडिलांच्याच शब्दांत काय नको, काय हवं, त्यांची सही, डॉक्टरांचा रात्रीचा नंबर, कोणत्या त्रासाला कोणतं औषध. दूरच्या भावंडांना त्याचा फोटो आधी पाठवा, कारण शेवटच्या आठवड्यात येऊन ‘अजून एक प्रयत्न करू’ म्हणणारे बहुधा तेच असतात. दर पंधरा दिवसांनी आई-वडिलांना विचारा, ‘अजून असंच हवं ना?’ त्यांचं मत बदललं तर नवा कागद लिहा आणि जुना फाडून टाका.