तिसऱ्या मजल्यावर जमिनीतून ओल चढतेय म्हणाला, आणि मी पैसे दिले

डोंबिवलीत आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात खिडकीखाली ओली व्हायची, रंगाचे पोपडे सुटायचे, कपाटामागे काळी बुरशी धरायची. सासूबाई त्याच खोलीत झोपतात आणि त्यांना दमा आहे. म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये 'ओल तपासणी मोफत' म्हणत आलेल्या माणसाला मी घरात घेतलं.

त्याने दोन सुयांचं मीटर पोपड्यांवर टोचलं. आकडा वर गेला, शिट्टी वाजली. "ताई, जमिनीतून ओल चढतेय. इंजेक्शन द्यावं लागेल, नाहीतर सळ्या गंजतील." सळ्यांचं नाव ऐकून मी घाबरले. जमिनीतली ओल तिसऱ्या मजल्यावर पोचेल कशी, हे तेव्हा मनातच आलं नाही. ती साधारण मीटरभर, फार तर दीड मीटर चढते. ते दुखणं तळमजल्याचं. आणि ते मीटर सुयांमधून वीज किती वाहते एवढंच बघतं. भिंतीला लोणा लागला असेल तर त्या क्षारांनीही आकडा फुगतो.

भाव सांगितला ३८,००० रुपये. पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६,८४०. मी ते वाचवले. पुढे तक्रार करायला निघाले तेव्हा हातात पुरावाच नव्हता.

दोन पोरं आली. स्कर्टिंगच्या वर ओळीने भोकं पाडली, लेबल नसलेल्या कॅनमधलं दुधासारखं पाणी नरसाळ्याने ओतलं, सिमेंटने बुजवलं. संध्याकाळी पुट्टी, दुसऱ्या दिवशी ऑइल पेंट. वर १५ वर्षांच्या गॅरंटीचा कागद. त्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं नाही: पावसाचं पाणी आणि पाइपची गळती वगळून. तिसऱ्या मजल्यावर मग राहिलं काय?

गणपतीत त्या भिंतीला फुगे आले. ऑइल पेंटने आतल्या ओलीची बाहेर पडायची वाट बंद केली होती. फुगा फोडला की पाणी ओघळायचं. सासूबाईंनी कितीतरी रात्री उशाला टेकून बसून काढल्या. त्याचा फोन बंद. कागदावरच्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं.

शेवटी भावाने ओळखीच्या सिव्हिल इंजिनीअरना आणलं. त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर चौकोन भिंतीला चारही कडांनी टेपने चिकटवला. दोन दिवसांनी पाहिलं तर थेंब फॉइलच्या मागे, भिंतीकडे होते. थेंब खोलीच्या बाजूला असते तर हवेतल्या दमटपणाचा दोष, मग खिडक्या उघडून आणि कपाट चार बोटं पुढे ओढून भागलं असतं. मग पावसाने उघडीप दिल्यावर त्यांनी खिडकीबाहेरच्या कडाप्प्यावर पाइपने पाणी सोडलं. पाऊण तासात आत डाग उमटला. कडाप्प्याचा उतार आतल्या बाजूला होता आणि चौकटीखाली फट. एवढंच.

यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे: बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीनेच करायची असते. संडास-बाथरूमची आतली गळती मात्र ज्याची त्याने. मी सेक्रेटरींना एक अर्ज दिला असता तरी काम झालं असतं. डिसेंबरमध्ये दोरीवरून माणसं उतरली, फट भरली, कडाप्पा बाहेर उतार देऊन बसवला. खर्च सोसायटीने केला.

तुमच्याकडे असा कुणी आला तर तेच मीटर त्याला घरातल्या कोरड्या भिंतीवर लावायला सांगा, आणि पाणी कुठून येतंय ते तुमच्यासमोर पाणी सोडून दाखवायला सांगा. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आमचा गिलावा विटांपर्यंत खरवडून ठेवलाय. फॉइलचा चौकोन पुन्हा लावणार आहे. तो मागून कोरडा निघेपर्यंत रंगाऱ्याला घरात घेणार नाही.