तयार चुन्याचा गिलावा: इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या वाड्यांना चालेल का?

मटेरियल चांगलं आहे, ५ पैकी साडेतीन. दीड मार्क रंगाचा कापलाय, त्याचं कारण पुढे.

इंदूरच्या जुन्या वाड्याची भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि मधे विटा. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मग मीठ फुटतं आणि खांबाचा पाय कुजतो. चुना ओल बाहेर सोडतो. पोतं २५ किलोचं. त्यात चुना, चाळलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. एक सेंटीमीटर जाडीला साधारण १७ चौरस फूट निघतात, पडझड धरून १५ च मोजा.

आधी भिंत पोटभर भिजवा. पहिला थर १० ते १२ मिमी, मग आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतून आवळतो, महिन्याला जेमतेम एक मिलीमीटर. घाईने दुसरा थर मारला की पहिला पोपडा धरतो. मे महिन्याच्या उन्हात हे काम काढूच नये, केसासारख्या भेगा पडतात. दिवाळीनंतर काढा. लाकडावरून गिलावा ओढू नका. लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून सांध्यावर थापीच्या कडेने रेघ मारून ठेवायची.

आता रंग. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी इंदूरला आला. त्याचं म्हणणं होतं, जुनी वस्ती पाडू नका, नडेल तेवढंच कापा. १९१८ चा त्याचा अहवाल याच वळणाचा आहे. जुन्या वास्तू कशा जपायच्या हे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुढची अट घातली: नवा तुकडा एकंदरीत शोभला पाहिजे, पण जुन्यापासून ओळखूही आला पाहिजे. हा गिलावा एकाच पांढुरक्या छटेत येतो, त्यामुळे डाग डोळ्यांत खुपतो. मग मालक म्हणतो, ‘सगळीच सोला’, आणि धड असलेला जुना गिलावाही मलब्यात जातो. गेडिसचा हिशेब तिथेच बिघडला! त्यापेक्षा घमेल्यामागे दोन मुठी जास्तीची सुरखी घाला, आधी वीतभर नमुना वाळवून बघा आणि नवा तुकडा जुन्यापेक्षा दोन मिमी आत बसवा. लांबून भिंत एकसंध दिसते, जवळून दुरुस्ती कळते.

वर प्लास्टिक पेंट नको, सफेदीच.

घेताना पोत्यावरचे घटक वाचा. ‘चुना’ म्हणून व्हाइट सिमेंट मिसळलेला मालही मिळतो. चिमूटभर ओला गोळा रात्रभर ठेवा. सकाळी नखाने ओरखडा उठला नाही तर पोतं परत करा.