कॉइल की क्लिप: मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्यासाठी निवड करताना

मेंदूतील रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा, म्हणजेच अन्युरिझम, बंद करण्याचे दोन प्रस्थापित मार्ग आहेत: आतून प्लॅटिनमच्या कॉइल (बारीक तारेची वेटोळी) भरणे, किंवा कवटी उघडून फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो त्या भागावर, बाहेरून टायटॅनियमची क्लिप बसवणे. कवटी उघडावी लागत नाही म्हणून कॉइल सोपी, असा समज सहज होतो. पण माझ्या मते खरा फरक जखमेपेक्षा पुढच्या काही वर्षांत पडतो.

कॉइलिंगमध्ये जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी थेट फुग्यापर्यंत नेतात. पहिली कॉइल आत वेटोळी घेत टोपलीसारखा सांगाडा तयार करते, मग त्यात आणखी मऊ आणि लहान कॉइल भरल्या जातात. अनेक प्रकारांत सौम्य विद्युतप्रवाहाने जोड विरघळवून कॉइल तारेपासून सुटी करतात. फुगा धातूने गच्च भरतो असे ऐकणाऱ्याला वाटते खरे, परंतु चांगल्या भरणीतही धातू साधारण पाव भागच व्यापतो आणि उरलेली जागा गोठलेले रक्त अडवते. रक्ताच्या माऱ्याने कॉइल दबल्या, तर मानेशी पुन्हा पोकळी निर्माण होते. म्हणूनच पुढे ठरावीक अंतराने एमआरआय किंवा अँजिओग्राफी करावी लागते आणि काही रुग्णांना दुसऱ्यांदा उपचार घ्यावे लागतात. क्लिप मानेवर पूर्ण बसली असेल, तर ही वेळ क्वचितच येते.

तरीही फुगा फुटलेला असेल आणि दोन्ही उपाय शक्य असतील, तर पारडे कॉइलकडे झुकते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसॅट या चाचणीत अशा २,१४३ रुग्णांची तुलना केली होती. वर्षभरानंतर दगावलेल्या किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण कॉइल गटात २३.७ टक्के, तर क्लिप गटात ३०.६ टक्के आढळले. न फुटलेल्या फुग्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तो लहान असल्यास नुसते लक्ष ठेवणे हाही पर्याय असतो.

जागा आणि आकार यांवर मात्र बरेच काही ठरते. मेंदूच्या तळाशी, बॅसिलर धमनीच्या टोकावरील फुग्यापर्यंत शस्त्रक्रियेने पोहोचणे अवघड असल्याने तेथे कॉइल सरस ठरते. याउलट मधल्या सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर, मान रुंद असताना, कॉइल बाहेर घसरण्याचा धोका असतो. शेजारी साकळलेल्या रक्ताचा मोठा गोळा असेल, तर तोही क्लिपच्या शस्त्रक्रियेतच काढता येतो, त्यामुळे तेथे क्लिप बसवणे अधिक सयुक्तिक असते.

रुंद मानेसाठी फ्लो डायव्हर्टर ही विणलेली जाळीची नळीही वापरतात. ती फुग्यात न जाता मुख्य धमनीतच बसते आणि प्रवाह वळवून फुगा हळूहळू बंद पाडते. तिच्यासोबत काही महिने रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे घ्यावी लागतात, त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या फुग्यासाठी ती सहसा टाळली जाते.